रंग गडद म्हणजे प्रथिन जास्त?

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत, म्हणजे अँटिबॉडी वापरून ऊतीतलं प्रथिन रंगाने दाखवण्याच्या पद्धतीत, स्लाइडवर तपकिरी रंग दुप्पट गडद, तर प्रथिनही दुप्पट, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. साफ चूक. प्रथिनाला चिकटते ती प्राथमिक अँटिबॉडी; रंग आणणारी दुय्यम अँटिबॉडी प्रथिनाला ओळखतच नाही. ती चिकटते प्राथमिक अँटिबॉडीला, आणि एकीवर अनेक बसतात. त्यांना जोडलेलं एचआरपी हे विकर (एन्झाइम) डॅब या रसायनाचा तपकिरी अवक्षेप तयार करतं. हा अवक्षेप प्रकाश नुसता शोषत नाही, विखुरतोही. म्हणून गडदपणावरून प्रमाण काढायचा बिअर-लँबर्टचा नियम इथे लागू पडत नाही. शिवाय डॅब थोडं जास्त वेळ राहिलं तरी रंग चढतो! प्राथमिक अँटिबॉडी वगळलेली स्लाइड सोबत हवीच, नाहीतर प्रथिनामुळे न आलेला, फुकटचा रंग कळणार कसा? स्तनाच्या कर्करोगात हर-टू प्रथिनाला 0 ते 3+ श्रेणीच देतात. 2+, म्हणजे अनिश्चित श्रेणी, आली की बहुधा फिश या (जनुकावर चमकणारी खूण लावणाऱ्या) चाचणीने जनुकाच्या प्रती मोजतात.