आयएसआय मार्क आणि स्टार लेबल: शेजारी असलेल्या, पण वेगळं सांगणाऱ्या दोन खुणा

गिझर घ्यायला गेलं की टाकीवर दोन खुणा दिसतात. एक आयएसआयचा शिक्का, दुसरी कमानीत मांडलेल्या ताऱ्यांची पट्टी. ‘फाइव्ह स्टार आहे, म्हणजे क्वालिटीला बघायलाच नको’ हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. तारे वीज किती लागेल ते सांगतात. शॉक बसेल का, टाकी दाब सोसेल का, याचं उत्तर आयएसआय देतं.

आयएसआय म्हणजे १९४७ साली स्थापन झालेली इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन. १९८७ मध्ये तिची जागा भारतीय मानक ब्युरोने (बीआयएस) घेतली, शिक्क्याचं नाव मात्र जुनंच राहिलं. हा ब्युरो ग्राहक व्यवहार मंत्रालयाखाली येतो. त्याचा निकाल पास किंवा नापास एवढाच असतो. वस्तू मानकात बसली तर शिक्का, नाही तर नाही. आयएसआयमध्ये ‘जास्त चांगलं आयएसआय’ असा प्रकार नाही.

शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असायलाच हवा. साठवणीच्या गिझरला आयएस २०८२, सीलिंग फॅनला आयएस ३७४, पाणी तापवायच्या रॉडला आयएस ३६८. इथे एक फसगत नेहमी होते. स्वस्तातल्या रॉडच्या प्लगवर किंवा वायरवर आयएसआय छापलेलं असतं आणि दुकानदार तेच बोटाने दाखवतो. तो शिक्का प्लगचा (आयएस १२९३) किंवा वायरचा (आयएस ६९४) असतो, रॉडचा नव्हे. म्हणून शिक्का दिसला एवढ्यावर थांबू नका, त्याच्या डोक्यावरचा आकडा वाचा. एलईडी बल्बवर मात्र आयएसआय शोधत बसू नका. तो वेगळ्या नोंदणी योजनेत येतो आणि त्याच्यावर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो.

स्टार लेबल ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतलं. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली १ मार्च २००२ रोजी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी (बीईई) स्थापन झाला आणि २००६ मध्ये लेबलची योजना आली. महाराष्ट्रात या कायद्याची जबाबदारी महाऊर्जा या राज्य सरकारच्या संस्थेकडे आहे. एसी, फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, गिझर, टीव्ही, एलईडी बल्ब यांना लेबल सक्तीचं आहे. सीलिंग फॅनला ते जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं. रॉड आणि इस्त्रीला तारे नसतात, त्यामुळे तिथे आयएसआय हाच आधार.

दोन्ही योजना एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत. पंख्याची हवा आणि वॅट मोजायची पद्धत आयएस ३७४ मधली, त्या मोजणीवर तारे बीईई देतो. १२०० मिलिमीटरच्या पंख्यासाठी २०२३ च्या कोष्टकात मिनिटाला दर वॅटमागे ६ घनमीटर किंवा जास्त हवा असेल तर पाच तारे. म्हणजे २१० घनमीटर हवा फेकणारा पंखा ३५ वॅटच्या आत बसायला हवा. जुना पंखा ७५ वॅट घेत असेल, तर रोज १२ तासांत जवळपास अर्ध्या युनिटचा फरक पडतो.

तारे प्रत्येक वस्तूत वेगळीच गोष्ट मोजतात, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. गिझरचे तारे पाणी तापवण्याच्या विजेवर नसतात. तापलेलं पाणी टाकीत तसंच राहिलं तर २४ तासांत किती उष्णता बाहेर झिरपते, त्यावर ते ठरतात. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला एक तारा असो वा पाच, सुमारे ०.६ युनिट लागणारच. २ किलोवॅटच्या कॉइलला त्यासाठी अठराएक मिनिटं लागतात. पाणी तापवून, लगेच वापरून बटण बंद करणाऱ्या घरात पाच ताऱ्यांचा फायदा थोडाच. लॉज, हॉस्टेल, दवाखाना, जिथे गिझर दिवसभर चालू असतो, तिथे मात्र तारे बघूनच घ्या.

एसीचं गणित लेबलवरच्या वार्षिक युनिटवरून मांडा. तो आकडा वर्षाला १६०० तास धरून काढलेला असतो. समजा, दीड टनाच्या तीन स्टार एसीवर ९६० आणि पाच स्टारवर ८०० युनिट लिहिले आहेत. घरी तीन महिने रोज आठ तास, म्हणजे ७२० तास वापर असेल तर फरक ७२ युनिटांचा. युनिट १० रुपये धरलं तर वर्षाला ७२० रुपये. पाच स्टारसाठी ६,००० रुपये जास्त मोजले तर ते वसूल व्हायला आठ वर्षांहून जास्त जातील. हाच एसी दुकानात रोज दहा तास, वर्षाला ३०० दिवस चालला तर फरक ३०० युनिटांचा, आणि पैसे दोन वर्षांत सुटतात. दुकानदारांनी तीन स्टारवर समाधान मानू नये ते यासाठी.

ताऱ्यांची तुलना एकाच क्षमतेत आणि एकाच प्रकारात करायची. दोन टनाचा पाच स्टार एसी एक टनाच्या तीन स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. फ्रीजमध्ये डायरेक्ट कूल आणि फ्रॉस्ट-फ्री यांची कोष्टकंच वेगळी आहेत.

आयएसआयचा परवाना चालू असेपर्यंत शिक्का तोच राहतो, तारे मात्र झिजतात. स्प्लिट एसीला पाच तारे मिळवायला आधी ४.५ चा हंगामी कार्यक्षमता आकडा (हंगामभरात एका युनिट विजेत किती युनिट उष्णता बाहेर काढली तो) पुरायचा, १ जुलै २०२२ पासून तो ५.० झाला. ४.७ चा एसी एका रात्रीत पाचवरून चारवर आला, यंत्र होतं तेच. म्हणून लेबलवरची मुदत वाचा. ‘स्टॉक क्लिअरन्स’मधल्या जुन्या पाच ताऱ्यांना नव्या पाच ताऱ्यांचा भाव देऊ नका.

पैसे देण्याआधी सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घाला. परवाना चालू आहे का आणि तो त्याच वस्तूचा आहे का, हे तिथे कळतं. मग बीईईच्या ॲपमध्ये मॉडेल क्रमांक टाकून तारे ताडून पाहा. लेबलवरचं मॉडेल आणि यंत्राच्या मागच्या पट्टीवरचं मॉडेल एका अक्षरानेही वेगळं असेल तर दुसरा नग मागा.