प्रत्येक ऑरॅकल क्लायंटला टीएनएसनेम्सची वेगळी प्रत लागते का?

एकाच मशीनवर ऑरॅकलचे दोन-तीन क्लायंट (ऑरॅकल डेटाबेसशी जोडणारं सॉफ्टवेअर) असले की प्रत्येकाच्या ‘नेटवर्क-ॲडमिन’ फोल्डरमध्ये टीएनएसनेम्स फाइलची (डेटाबेसची नावं आणि त्यांचे पत्ते असलेली फाइल) प्रत ठेवावीच लागते, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. ‘टीएनएस_ॲडमिन’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नोंदवलेली, प्रोग्रामना वाचता येणारी सेटिंग) एका सामायिक फोल्डरकडे वळवलं की ३२ बिट आणि ६४ बिट, दोन्ही क्लायंट तिथलीच फाइल वाचतात. (आधीपासून चालू असलेले प्रोग्राम तेवढे बंद करून पुन्हा सुरू करा.)

मेख एकच: एसक्यूएलनेट फाइलही (क्लायंटच्या नेटवर्क जोडणीच्या सेटिंग्जची फाइल) मग तिथूनच घेतली जाते, म्हणजे तिच्यातली सेटिंग्ज सगळ्यांना लागू. आणि कोणता क्लायंट लोड होणार, हे या व्हेरिएबलवर ठरत नाही. ते सहसा पाथमधल्या (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीतल्या) क्रमावर ठरतं. शंका आली तर टीएनएसपिंग (जोडणी तपासायची ऑरॅकलची कमांड) चालवा, एसक्यूएलनेट फाइल कुठून उचलली ते तिथे छापून येतं.