मुमताज महल (घोडी)

मुमताज महल : (१९२१–४५). इंग्लंडमधील मैदानांवर धावलेली करड्या रंगाची थरोब्रेड (शर्यतीसाठी जोपासलेल्या जातीची) घोडी. तिच्या वेगाचा बोलबाला जेमतेम दोन हंगामांचा. तिच्या लेकी-नातवंडांनी गाजवलेला काळ मात्र बराच लांब आहे.

बाप द टेट्रार्क. करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेला हा घोडा वयाच्या दुसऱ्या वर्षी सात शर्यती धावला आणि सातही जिंकला. आई लेडी जोसेफिन. वर्षाचे हे शिंगरू १९२२ च्या डॉनकास्टर लिलावात प्रशिक्षक जॉर्ज लॅम्बटन यांनी तिसऱ्या आगाखानांसाठी ९,१०० गिनींना (गिनी म्हणजे २१ शिलिंग) घेतले. पुण्यातला आगाखान पॅलेस बांधणारे ते हेच. तालमीसाठी घोडी डिक डॉसन यांच्याकडे गेली.

१९२३ मध्ये तिने अ‍ॅस्कॉटची क्वीन मेरी, गुडवुडची मोलकोम्ब आणि डॉनकास्टरची शॅम्पेन स्टेक्स यांसह पाच शर्यती मारल्या. केम्प्टनला चिखलाने घात केला आणि ती दुसरी आली. ‘फ्लाइंग फिली’ हे नाव तिला पडले ते याच वर्षी. पुढच्या वर्षी मैलाच्या ‘वन थाउजंड गिनीज’ शर्यतीत दम अपुरा पडला व प्लॅक ही घोडी पुढे निघून गेली. मग पुन्हा जवळच्या पल्ल्यावर आणल्यावर तिने गुडवुडची किंग जॉर्ज आणि यॉर्कची ननथॉर्प जिंकली. एकूण १० शर्यती, ७ विजय. पाच-सहा फर्लांग (फर्लांग म्हणजे सुमारे २०० मीटर) हेच तिचे खरे राज्य.

म्हणूनच तिच्या वंशाचे नवल वाटते. मुलगी माह महल हिचा मुलगा महमूद याने १९३६ ची एप्सम डर्बी, म्हणजे दीड मैल, अशा वेळेत मारली की तो विक्रम १९९५ पर्यंत टिकला. माह महलचाच नातू मिगोली १९४८ च्या ‘आर्क द ट्रायम्फ’ या पॅरिसमधील शर्यतीचा विजेता. आजीचा निव्वळ वेग उतरला तो रुस्तम महल या मुलीच्या पोटी आलेल्या अ‍ॅबरनँटमध्ये. दुसरी मुलगी मुमताज बेगम हिचा नसरुल्ला स्वभावाने महाहट्टी, पण पैदाशीचा घोडा म्हणून ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे अव्वल ठरला. १९७३ चा अमेरिकी ट्रिपल क्राउन (एकाच वर्षी तीन ठरावीक मोठ्या शर्यती जिंकण्याचा मान) जिंकणारा सेक्रेटेरियट हा त्याचा नातू.

मुमताज महल १९४५ मध्ये फ्रान्समध्ये मरण पावली. २००८ मध्ये एकही शर्यत न हरता ‘आर्क’ जिंकणारी झरकावा तिच्याच मातृकुळातली, आणि तिचे मालकही आगाखानच, चौथे.