माळकऱ्याचं लिव्हर

"साहेब, मी माळकरी माणूस. पंचवीस वर्षं झाली, थेंब घेतला नाही. मग माझंच लिव्हर कामून खराब व्हावं?"

टेबलावर सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. मूतखड्याच्या संशयावरून पोट तपासलं, खडा निघालाच नाही, पण खाली एक ओळ आली: फॅटी लिव्हर, ग्रेड २. गावात बातमी गेली ती त्या ओळीची. आमच्या भागात लिव्हर म्हटलं की दारू, हे इतकं घट्ट बसलंय की घरच्यांनीही त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. गळ्यातली तुळशीची माळ बोटात धरून बावन्न वर्षांचा तो माणूस माझ्यासमोर रडकुंडीला आला होता.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. लोकांच्या या समजुतीत डॉक्टरांचाही वाटा आहे. २०२३ सालापर्यंत या आजाराच्या नावातच 'नॉन-अल्कोहोलिक' असा शब्द होता. आजार कशानं नाही एवढंच ते नाव सांगायचं, कशानं आहे ते नाही. आणि रिपोर्ट वाचणाऱ्या पोराला त्यातलं 'अल्कोहोलिक' तेवढं दिसायचं. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी ते नाव काढून टाकलं. नव्या नावाचा अर्थ साधारण असा: चयापचयाच्या बिघाडातून यकृतात साठलेली चरबी. यकृतात ५ टक्क्यांहून जास्त चरबी, आणि सोबत पाचांपैकी निदान एक गोष्ट हवी: वाढलेलं वजन किंवा पोटाचा घेर, वाढलेली साखर, १३०/८५ किंवा त्यावरचं ब्लडप्रेशर, १५० किंवा त्यावरचं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), किंवा कमी झालेलं चांगलं कोलेस्टेरॉल. आमच्या माळकऱ्यांकडे पाचांपैकी तीन होत्या. त्यांना एकही माहीत नव्हती.

यकृत म्हणजे शरीराचा मोंढा. आतड्यात पचलेली साखर आणि प्रथिनं एका मोठ्या शिरेतून आधी यकृतात येतात, जसा चारी बाजूंच्या खेड्यांतला माल आधी मोंढ्यात येतो. तिथे माल उतरायचा, वजन व्हायचं, ज्याचं त्याच्याकडे जायचं. महिनोन् महिने थप्प्या लावून ठेवायची ती जागा नव्हे. त्यासाठी गोदाम वेगळं आहे: कातडीखालची चरबी. आणि या सगळ्या व्यवहाराचा मुनीम म्हणजे इन्सुलिन. जेवण झालं की तो गोदामाला सांगतो, माल आत घ्या आणि दार लावा.

हे दार लावणं फार मोलाचं आहे. गोदाम गच्च भरलं, हालचाल कमी झाली, की मुनिमाचा शब्द कुणी मानेनासं होतं. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. दार नीट लागत नाही, चरबी रात्रंदिवस रक्तात पाझरत राहते आणि यकृतात जाऊन बसते. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी खुणेच्या रेणूंचा वापर करून यकृतातल्या चरबीचा माग काढला. जवळपास ५९ टक्के चरबी अशी गोदामातून गळून आलेली होती. २६ टक्के यकृतानं साखर आणि पिठापासून स्वतः तयार केलेली. थेट खाण्यातल्या तेला-तुपातून आलेली फक्त १५ टक्के. ज्यांनी रिपोर्ट आल्या दिवसापासून भाकरीवरचं तूप बंद केलं पण दिवसाचे सहा कप चहा तसेच ठेवले, त्यांना मी हे आकडे कागदावर लिहून देतो.

त्या चहाचा हिशेब सोपा आहे. आपल्याकडच्या गोड चहात कपाला दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर. सहा कपांची साठ ग्रॅम. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि तो मुख्यतः आतडं आणि यकृतच हाताळतं. स्नायू त्याला फारसे विचारत नाहीत. येणारा फ्रुक्टोज गरजेपेक्षा जास्त झाला की यकृत त्याची चरबी करतं. पाहुण्याला बिनसाखरेचा चहा देणं आपल्याकडे अपमान समजतात, हे मला माहीत आहे. तरी सांगतो, सगळ्यात आधी हात तिथेच घालावा.

"रात्री नऊला जेवलो, त्यानंतर पाणीसुद्धा नाही. मग सकाळी उपाशीपोटी शुगर १३२ आली कुठून?" हा माळकऱ्यांचा दुसरा प्रश्न. फार चांगला प्रश्न आहे, कारण उत्तर पुन्हा यकृतातच आहे. उपाशीपोटी मेंदूला साखर पुरवायचं काम यकृताचं. इन्सुलिन त्याला सांगतं, आता पुरे, साखर सोडू नको. चरबीनं भरलेलं यकृत हा हुकूम ऐकत नाही आणि रात्रभर साखर सोडत राहतं. पण त्याच इन्सुलिनचा दुसरा हुकूम, चरबी बनव, हा मात्र ते बिनबोभाट पाळत राहतं. साखर वाढते म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं, त्यानं चरबी आणखी बनते, आणि जास्तीची चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात जाऊन हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचते. त्यामुळे फॅटी लिव्हरच्या रुग्णांमध्ये मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण यकृत नसून हृदयविकार असतो. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, लिव्हर असे चार कागद घेऊन माणूस चार डॉक्टरांकडे फिरतो. आजार एकच असतो.

माळकऱ्यांचं वजन ६६ किलो, उंची ५ फूट ६ इंच. लठ्ठ कुणी म्हणणार नाही. हातपाय काडीसारखे. मी विचारलं, "काका, करदोडा कधी बदलला?" ते म्हणाले, दोन वर्षांत दोनदा, काचायला लागला म्हणून. टेप लावला तर घेर ९६ सेंटिमीटर. भारतीय पुरुषासाठी ९० च्या वर आणि बाईसाठी ८० च्या वर धोका मानतात. करदोडा काचायला लागला, ही माझ्या मते कुठल्याही लॅबच्या आधी मिळणारी खूण आहे, आणि ती फुकट मिळते.

वरून बारीक आणि आतून चरबीचे, ही आपली जुनी ओळख आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांच्या चमूनं केलेल्या कामातून दिसलं की आपली बाळं जन्मतःच तशी असतात, वजनाला कमी, स्नायू कमी, चरबी मात्र टिकवून ठेवलेली.

आमच्या माळकऱ्यांचा जन्म त्र्याहत्तरचा. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात ते आईच्या पोटात होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, सुकडीवर दिवस काढले, हे त्यांनी आपणहून सांगितलं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या वेळी पोटात असलेल्या मुलांची पन्नाशीत तपासणी केली, तेव्हा साखर हाताळण्याची त्यांची ताकद इतरांपेक्षा कमी निघाली. पोटात असताना टंचाई पाहिलेलं शरीर काटकसर शिकून येतं, आणि पुढे सुबत्ता आली की तीच काटकसर नडते. एका माणसाच्या आजाराचं खापर एका दुष्काळावर फोडता येत नाही. पण बहात्तर ज्यांच्या घरानं भोगला, त्या पिढीचा पोटाचा घेर मी न चुकता मोजतो.

ग्रेड या शब्दानं लोक फार घाबरतात. सोनोग्राफीतला ग्रेड चरबी किती दिसते एवढंच सांगतो. यकृताला इजा किती झाली ते तो सांगत नाही. चरबीतून सूज येते, सुजेतून व्रणाचं जाळं तयार होतं, आणि ते जाळं दाट होऊन यकृत कडक झालं की सिरोसिस. खरी भीती त्या जाळ्याची. एसजीओटी आणि एसजीपीटी या रक्तातून होणाऱ्या लिव्हरच्या तपासण्या. त्यातली एसजीपीटी नॉर्मल असली तरी जाळं असू शकतं. ते ताडायला एक साधं गणित आहे, त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यांनी. आमच्या पेशंटचे आकडे: वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख १० हजार, म्हणजे गणितात २१०. चौसष्टचं वर्गमूळ आठ. उत्तर १.४९. १.३ च्या आत असतं तर मी निश्चिंत झालो असतो. वर होतं, म्हणून यकृत किती कडक झालंय ते मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनला संभाजीनगरला पाठवलं. तिथे ६.४ आला. आठच्या आत, म्हणजे जाळ्याची मोठी भीती नाही.

मग औषध काय? २०२४ आणि २०२५ मध्ये अमेरिकेत दोन औषधांना या आजारासाठी मान्यता मिळाली, पण ती सूज आणि जाळं वाढलेल्यांसाठी. बाकीच्यांसाठी उपाय वजनातच आहे. पाच टक्के उतरलं तर चरबी घटते, सात ते दहा टक्के उतरलं तर सूज ओसरते, दहाच्या पुढे जाळंही मागे हटू शकतं. बारीक माणसाला तीन ते पाच टक्केही पुरतात. गावात कुणी लिव्हरचा काढा देत असेल तर कृपा करून घेऊ नका. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे.

माळकरी म्हणाले, "साहेब, मी तर आषाढीला पंढरपूरपर्यंत पायी जातो." खरं होतं. पण उरलेलं वर्षभर शेत दीड किलोमीटरवर असून मोटारसायकल, आणि नांगरट ट्रॅक्टरनं. चालण्यानं स्नायू साखर ओढायला लागतात, तो परिणाम दोन-तीन दिवसांत ओसरतो. वारीचं चालणं वर्षभर साठवून ठेवता येत नाही. एकादशीचंही तसंच. साबुदाण्याची खिचडी, भगर, बटाटा, वर गोड चहा. एकादशी दुप्पट खाशी, हे आपले जुने लोकच सांगून गेलेत.

ठरलं ते एवढंच: चहा दोन कप आणि साखर अर्धा चमचा. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, पण तीनऐवजी दीड, आणि ताटात वरण-उसळ, भाजी जास्त. रात्रीचं जेवण लवकर. शेतात जाणं-येणं पायी. एकादशीला शेंगदाणे, ताक, एखादं फळ.

सहा महिन्यांनी आले तेव्हा वजन ६२, घेर ९१, उपाशीपोटी शुगर १०६. करदोडा सैल झाला होता, त्याला त्यांनी गाठ मारली होती. ती गाठ त्यांनी मला सदरा वर करून दाखवली. सोबत मुलगा होता, चोवीस वर्षांचा, पिकअप चालवणारा, अंगानं किडकिडीत. "याला काय नाही साहेब, मला सोडायला आलाय," काका म्हणाले.

मी त्याला उभं केलं आणि टेप लावला. ९३.