सीओपीडीच्या इनहेलर औषधचाचणीत सहभाग: पात्रता, कागदपत्रे आणि रुग्ण परत का पाठवले जातात

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार. त्यावरची बहुतेक औषधे श्वासावाटे घ्यायची असतात, आणि नवे औषध बाजारात येण्यापूर्वी ते रुग्णांवर तपासून पाहावे लागते. अशा औषधचाचण्या आपल्याकडील छातीविकार विभागांत सुरू असतात, पण इच्छुकांपैकी बरेच रुग्ण पहिल्या तपासणीतूनच परत जातात. आजार निकषात बसत नाही म्हणून काहींना परत जावे लागते, याला इलाज नाही. मात्र कागद जवळ नाही, सकाळी पंप (इनहेलर) घेतला, मुदत चुकीची मोजली अशा कारणांनी परतणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि ती टाळता येण्यासारखी आहे. ही माहिती मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

सर्वप्रथम चाचणी अधिकृत आहे का ते पाहावे. भारतातील प्रत्येक औषधचाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत करणे १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक ‘सीटीआरआय’, वर्ष, महिना आणि आकडे अशा स्वरूपाचा असतो. तो संकेतस्थळावर शोधल्यास चाचणी कोणत्या रुग्णालयांत आहे, भरती सुरू आहे की बंद झाली आणि पात्रतेचे निकष कोणते, हे कोणालाही विनामूल्य वाचता येते. क्रमांक सांगायला टाळाटाळ करणाऱ्या किंवा सहभागासाठी पैसे मागणाऱ्या ठिकाणी थांबू नये.

निकष प्रत्येक चाचणीत वेगळे असले तरी साचा साधारण ठरलेला आहे. वय ४० किंवा त्याहून अधिक लागते. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतर केलेल्या स्पायरोमेट्रीत, म्हणजे यंत्रात फुंकून करायच्या श्वासाच्या तपासणीत, एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकेत बाहेर पडलेली एकूण हवा) यांचे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी लागते. दम लागण्याचे प्रमाण ठरावीक पायरीवरचे असावे लागते. गेल्या १२ महिन्यांत आजार बळावल्याची नोंद आणि गेल्या काही आठवड्यांत तो स्थिर असल्याची खात्री, या दोन्ही गोष्टी अनेक चाचण्यांत एकाच वेळी मागितल्या जातात. क्षयरोगाने फुप्फुस खराब झालेले असणे, हृदयाचा अलीकडचा आजार, काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास यांमुळेही औषधाच्या प्रकारानुसार नाव वगळले जाऊ शकते. या गोष्टी लपवू नयेत, कारण त्या तुमच्याच सुरक्षिततेसाठी विचारलेल्या असतात.

आता जिथे खरी अडचण होते तिथे येऊ. पहिली अडचण स्पायरोमेट्रीची. बहुतेकांकडे जुना अहवाल असतो, पण त्यात औषध देण्यापूर्वीचेच आकडे असतात. चाचणीसाठी औषधानंतरचे आकडे लागतात, म्हणजे सालब्युटामॉलच्या साधारण चार मात्रा स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) देऊन १० ते १५ मिनिटांनी पुन्हा केलेली फुंक. त्यामुळे रुग्णालय ही तपासणी स्वतः पुन्हा करते, आणि तिथेच दुसरा घोटाळा होतो. रुग्ण सकाळी नेहमीप्रमाणे पंप घेऊन येतो, तोवर श्वासनलिका आधीच रुंदावलेल्या असतात आणि तपासणी रद्द करावी लागते. सालब्युटामॉल साधारण ४ ते ६ तास आधी थांबवतात. दिवसातून एकदा घ्यायच्या दीर्घकाळ चालणाऱ्या औषधांसाठी हे अंतर ३६ ते ४८ तासांपर्यंत जाते. कोणता पंप किती तास घ्यायचा नाही हे तपासणीची तारीख मिळते त्याच वेळी लेखी मागून घ्यावे, आणि लेखी सूचना मिळाल्याखेरीज कोणतेही औषध मनाने बंद करू नये. थांबवलेल्या काळात दम वाढला तर पंप घ्यावा आणि रुग्णालयाला कळवावे. तारीख पुढे गेली तरी चालेल, धाप सोसत बसण्याची गरज नाही. बाकी सैल कपडे, पोटभर न खाणे आणि आधी तासभर विडी-सिगारेट न ओढणे एवढे पुरते.

दुसरी अडचण त्या कागदाची, जो जवळपास कोणाकडेच नसतो. ‘गेल्या वर्षभरात आजार बळावला होता’ हे तोंडी सांगून भागत नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा प्रतिजैविकांचा कोर्स दिल्याचे, अथवा रुग्णालयात दाखल झाल्याचे तारखेसह लेखी प्रमाण लागते. आपल्याकडे सरकारी दवाखान्याचा केसपेपर रुग्णाच्याच हाती असतो आणि तो पावसाळ्यात भिजतो, घर बदलताना हरवतो. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी औषधे घेतल्यावर मेडिकलमध्येच राहते. डिस्चार्ज कार्डाची दुसरी प्रत मागायला गेले की अभिलेख विभाग अर्ज आणायला सांगतो, अर्ज नेला की दाखल झाल्याचा क्रमांक विचारतो, आणि तो क्रमांक नेमका हरवलेल्या कार्डावरच असतो. दम लागणाऱ्या माणसाला या फेऱ्या मारायला लावणे अन्यायाचे आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तोवर उपाय एवढाच, की दाखल झाल्याची तारीख, वॉर्ड आणि आधारवरचे नाव एका कागदावर लिहून नातेवाईकाला पाठवावे. मेडिकलच्या दुकानातून जुन्या बिलांची प्रत मिळते का ते पाहावे. आणि घरच्या डॉक्टरांच्या नोंदवहीत उपचाराची नोंद असेल तर तिच्या आधारे त्यांच्या लेटरहेडवर पत्र मागावे. मागची तारीख टाकून नवे पत्र मात्र कधीही घेऊ नये. तपासनीस मूळ नोंदी पडताळतात, आणि अशा पत्रामुळे नाव तर जातेच, पण डॉक्टरही अडचणीत येतात.

मुदतींचा अर्थही नीट लावला पाहिजे. ‘गेले १२ महिने’ हे जानेवारीपासून किंवा दिवाळीपासून मोजत नाहीत, ते निवड-तपासणीच्या दिवसापासून मागे मोजतात. स्थिरतेची मुदत, मग ती चार आठवड्यांची असो वा सहा, बहुतेक ठिकाणी आजार बळावल्याच्या पहिल्या दिवसापासून नव्हे, तर उपचार संपल्यापासून धरतात. म्हणून गोळ्यांचा शेवटचा दिवस लिहून ठेवावा. दुसऱ्या चाचणीत नुकताच भाग घेतला असेल तर तिचेही ठरावीक अंतर जावे लागते.

वयाच्या पुराव्याबाबत एक सूचना. शाळेने १ जून ही जन्मतारीख लावलेल्या पिढीच्या आधारवर एक वय, केसपेपरवर अंदाजाने लिहिलेले दुसरे आणि पत्नीच्या सांगण्यात तिसरे असते. सर्वत्र आधारवरचेच द्यावे.

धूम्रपानाचा हिशेब ‘पॅक-वर्षां’त करतात. रोज २० सिगारेटी एक वर्ष ओढल्या तर एक पॅक-वर्ष होते. म्हणजे रोज १० प्रमाणे २० वर्षे ओढल्यास १० पॅक-वर्षे, आणि अनेक चाचण्यांत हीच किमान अट असते. विड्यांचे रूपांतर चाचणीच्या नियमाप्रमाणे केंद्रच करते, तुम्ही खरा आकडा सांगावा. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या आणि कधीही विडी न ओढलेल्या बायकांना सीओपीडी होतो हे वैद्यकाला चांगले माहीत आहे, तरीही ही अट असलेल्या चाचण्यांतून त्या सरसकट वगळल्या जातात. ज्या औषधाचा त्यांनाही उपयोग व्हायचा, ते त्यांच्यावर तपासलेच जात नाही. सीटीआरआयवर निकष वाचताना धूम्रपानाची अट नसलेल्या चाचण्या मुद्दाम शोधाव्यात.

दम किती लागतो या प्रश्नाला आपली माणसे चुकीचे उत्तर देतात, आणि ते सोशिकपणामुळे. एक बाई तपासणीत ‘मला काही त्रास नाही, बरी आहे’ एवढेच म्हणत होत्या. त्या कित्येक महिन्यांत दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्याच नाहीत, पाणी सून भरते आणि आंघोळीनंतर पलंगावर बसून राहावे लागते, हे मुलाने सांगितले. त्यांच्या पहिल्या उत्तरावर गुण दिले असते तर त्या अपात्र ठरल्या असत्या. समवयस्कांच्या बरोबरीने सपाट रस्त्यावर चालता येते का, शंभर मीटरवर थांबावे लागते का, कपडे घालताना धाप लागते का, या प्रश्नांची उत्तरे घरच्या माणसासमोर द्यावीत. वाढवून सांगू नये आणि लपवूही नये.

संमतिपत्र हा शेवटचा टप्पा मानला जातो, प्रत्यक्षात ते कोणत्याही तपासणीच्या आधी हवे. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळणे हा तुमचा हक्क आहे. ते घरी नेऊन वाचावे, चार लोकांना विचारावे; ‘आत्ताच सही करा’ म्हणणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि तो सोबत न आणल्याने अनेकांचा दिवस वाया जातो. फॉर्मवर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचे नाव, पत्ता व नाते विचारतात. वारसाचा रकाना पाहून काहीजण घाबरून उठून जातात. तो औषधचाचण्यांविषयीच्या २०१९ च्या सरकारी नियमांनी ठरवून दिलेला, भरपाईसाठीचा रकाना आहे. औषध जिवावर बेतणारे आहे असा त्याचा अर्थ नाही. सही केलेल्या फॉर्मची आणि माहितीपत्रकाची प्रत मागून घ्यावी.

निवड झाली तरी चाचणीचे औषध मिळेलच असे नाही, काही चाचण्यांत एका गटाला प्लासिबो, म्हणजे दिसायला तसेच पण औषध नसलेले, मिळते. आपले नेहमीचे उपचार चालू राहणार का, हे सहीपूर्वी विचारावे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई देणे प्रायोजकावर, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीवर किंवा संस्थेवर, बंधनकारक आहे, आणि प्रमाणित उपचार उपलब्ध असूनही न दिल्याने प्लासिबोच्या काळात झालेले नुकसानही त्यात येते. दुसऱ्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर केंद्राला त्याच दिवशी फोन करावा, कारण गंभीर घटना घडल्यापासून २४ तासांत वरती कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक असते. रिकामे झालेले इनहेलर फेकू नयेत, प्रत्येक भेटीत ते परत द्यायचे असतात.

नाव वगळले गेल्यास कारण लेखी मागावे आणि स्पायरोमेट्रीच्या अहवालाची प्रत सोबत घेऊन यावे. कारण मुदतीचे असेल तर पुन्हा तपासणीची सोय काही चाचण्यांत असते. ती आहे का आणि कोणत्या तारखेनंतर यायचे, हे त्याच दिवशी समन्वयकाकडून लिहून घ्यावे.