पिशवीतल्या कागदांची पार्श्वभूमी

खान्देशातल्या कुठल्याही सिव्हिलमध्ये दिव्यांग तपासणीच्या वारी सकाळी जाऊन बसा. बाकावरच्या प्रत्येक आईजवळ एक पिशवी दिसेल, साडीच्या दुकानाची नाहीतर कृषी सेवा केंद्राची. आत लसीकरणाचं कार्ड, डिस्चार्ज कार्ड, रेशनकार्ड, आधारच्या झेरॉक्स आणि घडीवर फाटत आलेला एखादा जुना केसपेपर. नंबर लागेपर्यंत लेकरू खांद्यावर झोपून जातं. मग आतून हाक येते, त्याला उठवतात आणि नाव विचारतात. झोपमोड झालेलं चार वर्षांचं पोर अनोळखी माणसापुढे काय बोलणार?

ही पिशवी जाड होत गेली त्याला जवळपास पन्नास वर्षं लागली.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि पुढे गावोगाव अंगणवाडी आली. तिचा जीव पोषणात आणि लसीकरणात. वजनकाटा होता, म्हणून काटकुळं मूल सापडायचं. अंगानं गुबगुबीत, पण हाक मारली तर मागे वळून न बघणारं मूल कुठल्या वहीत चढणार? घरी आजी सांगायची, "त्याना बाप बी उशिराच बोलना व्हता." आजीचं कधी कधी खरंही निघतं, आणि पंचाईत तिथेच आहे.

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातच. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालीवर ताबा नसणं) अस्थिव्यंगात मोडायची, मतिमंदत्व वेगळं होतं, पण स्वमग्नतेचं म्हणजे ऑटिझमचं नावच नव्हतं. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आलं, म्हणजे एकाच मुलासाठी दोन कायदे आणि दोन व्याख्या. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. तोवर धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला जिल्ह्याचं म्हणून जे काही काम असे, त्यासाठी सातपुडा उतरून थेट धुळं गाठावं लागे. एका कागदासाठी दोन दिवसांची मजुरी बुडायची.

नंतर योजना भराभर आल्या. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. दोन आयुष डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक एएनएम म्हणजे परिचारिका असं पथक गाडीनं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणार, जन्मतःचे दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर बघणार, संशय वाटला तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देणार. आखणी चांगली आहे, माझ्या मते आजवरची सगळ्यात चांगली. फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, हृदयाचं छिद्र यांना तिचा खरा फायदा होतो, कारण एक शस्त्रक्रिया झाली की काम बरंचसं मार्गी लागतं. स्पीच थेरपीचं तसं नाही. तिथे आठवड्याला फेरी, तीही महिनोन् महिने. कापूस वेचणीच्या दिवसांत धडगावहून चांदशैलीचा घाट उतरून दर आठवड्याला नंदुरबारला कोण येणार?

यातली एक फट मला फार खुपते. आशाताई नवजात बाळाकडे ४२ दिवसांपर्यंत जातात. २०१८ पासून त्यापुढच्याही भेटी ठरल्या: तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. तिथे यादी संपते. आणि मूल बोलत नाही ही काळजी घरात कधी सुरू होते? साधारण दोन वर्षांच्या आसपास. म्हणजे आईला विचारायचं सुचतं तेव्हा नेमाने दारात येणारं माणूस थांबलेलं असतं. राहतं पथक, पण ते येतं त्या दिवशी आई मजुरीला आणि पोर आजीजवळ.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं प्रकार २१ केले. त्यात स्वमग्नता आली आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आला. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांसाठी हा मोठा बदल होता. पण वारंवार हातपाय दुखणाऱ्या, रक्त चढवाव्या लागणाऱ्या पोराचा आजार 'दिव्यांग'मध्ये बसतो, हे त्याच्या घरी कुणी जाऊन सांगितलं तर कळणार. प्रमाणपत्राचा अर्जही आता ऑनलाइन झालाय आणि सोबत आधार मागतात. देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्याच टेंभलीत दिलं गेलं होतं, आणि तरी पिशवीतल्या लहान्याच्या आधारवर नावाचं स्पेलिंग एक, जन्मदाखल्यावर दुसरं.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालय धुळ्याला ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आलं, जळगावला २०१८ मध्ये, नंदुरबारला २०२० मध्ये. दवाखाने जवळ आले हे खरंच. ३ डिसेंबर २०२२ ला राज्यात दिव्यांग कल्याण विभागही वेगळा झाला. मात्र अंगणवाडी महिला व बालविकासकडे, पथक आरोग्याकडे, विशेष शिक्षक शिक्षणाकडे आणि प्रमाणपत्रानंतरच्या सवलती पुन्हा वेगवेगळ्या खात्यांकडे. मूल शोधणाऱ्यांची पदं प्रत्येकाकडे आहेत. सापडलेल्या मुलाच्या आईला एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत नेणारं पद यात कुठेच धरलेलं नाही. जिथे हे काम होतं तिथे ते एखादी अंगणवाडीताई करते, आपली सुटी घालवून, एसटीचं तिकीट स्वतःच्या पैशानं काढून, आणि ती पिशवी बहुतेक वेळा तिनेच लावून दिलेली असते: वर आधार, मग जन्मदाखला, तळाला केसपेपर.