हँडब्रेकची तार

गाडीत पडदा असलेला नवा स्टिरिओ बसवायला गेलो होतो. इंदूरच्या रामबागेपासून दुकान जवळच. डॅशबोर्ड उघडून वायरिंग जोडता जोडता दुकानातल्या मुलानं एक बारीक तार चिमटीत धरली. "भिया, इसको अर्थ में डाल दूँ? फिर चलती गाड़ी में भी पिक्चर चलेगी."

ही तार हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. ब्रेक ओढला की ती अर्थ होते, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीशी जोडली जाते, गाडी उभी असल्याचं स्टिरिओला कळतं आणि मगच तो व्हिडिओ दाखवतो. तीच तार कायमची बॉडीला टेकवली, की गाडी एबी रोडवर ६०नं धावत असली तरी स्टिरिओच्या लेखी ती उभीच.

नकाशा मात्र त्याच पडद्यावर चालत्या गाडीतही दिसतो. ब्रिटनच्या १९८६च्या वाहन नियमांत १०९वा नियम हाच भेद करतो: ड्रायव्हरला दिसेल अशा पडद्यावर गाडीची स्थिती, रस्ता, वाट यांची माहिती चालेल, बाकी काही नाही. अमेरिकेत टेस्लाच्या पडद्यावर चालत्या गाडीत गेम खेळता येत, ते सरकारी चौकशी सुरू झाल्यावर डिसेंबर २०२१मध्ये कंपनीनं बंद करायचं कबूल केलं.

"मी कुठं बघतो, मागं मुलं बघतात," हे आपलं ठरलेलं उत्तर. पण बघायचं की नाही, हे सर्वस्वी आपल्या हातात नसतं. हात लांब करून अंगठा धरा. त्याच्या नखाएवढ्याच भागातलं बारीक आपल्याला स्पष्ट दिसतं. बाकीची नजर अंधुक, पण हालचाल टिपण्यात तरबेज. गल्लीतून अचानक आलेली गाय आपण वाचवतो ती याच कडेच्या नजरेमुळे. सिनेमात दर काही सेकंदांनी दृश्य बदलतं, प्रकाश उसळतो, आणि प्रत्येक वेळी कडेची नजर डोळ्यांना तिकडे ओढते. नकाशा त्या मानानं सुस्त, शिवाय त्यात "पुढं काय झालं" ही उत्सुकता नसते.

ओढले गेलेले डोळे लगेच परतत नाहीत. हातभर अंतरावरून लांबच्या रस्त्यावर यायला भिंगाला आकार बदलावा लागतो. ६०च्या वेगात दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते. जवळजवळ तीन सिटी बस एकामागं एक उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर, आणि ते आपण न बघता कापलेलं.

मी तार स्विचलाच जोडायला सांगितली. मुलानं खांदे उडवले.

आपल्या मोटार वाहन कायद्याच्या १८४व्या, धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलमात २०१९ साली भर पडली, ती गाडी चालवताना 'हातात धरलेलं' संपर्क साधन वापरण्याची. परतताना पलासियाच्या सिग्नलला माझ्यापुढं एक रिक्षा होती. हँडलला क्लॅम्प, त्यात मोबाईल, मोबाईलवर मॅच. हात दोन्ही हँडलवर. सिग्नल हिरवा झाला, रिक्षा निघाली, मॅच चालूच होती. त्या क्लॅम्पला हँडब्रेकची तार नसते.